धुळाक्षरांची विमाने

लढाईत नाव कमावलेल्या विमानांचे कौतुक सारे जग करते. त्यांची चित्रे निघतात, स्मारके उभी राहतात, घरोघर लाकडी प्रतिकृतीही मांडल्या जातात. ती विमाने चालवणाऱ्या वीरांनी ज्यांवर धुळाक्षरे गिरवली, ती बिचारी शिकाऊ विमाने मात्र बालवर्गातल्या पाटीसारखी अडगळीत पडतात. म्हणूनच मी जेव्हा हौसेने लाकडाची विमाने करू लागलो, तेव्हा पहिला मान या पंतोजींना दिला.

पहिले केले टायगर मॉथ. इंग्लंडच्या डी हॅविलँड कारखान्याचे हे दुपंखी विमान २६ ऑक्टोबर १९३१ रोजी प्रथम उडाले. इंजिन अवघे १३० अश्वशक्तीचे. पण दुसऱ्या महायुद्धात इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि आपला हिंदुस्थान, सगळीकडच्या पोरांनी उडण्याचे पहिले धडे याच्यावरच घेतले. अशी आठ हजारांहून अधिक विमाने तयार झाली.

अर्धा इंच म्हणजे एक फूट असे माप धरले की याचे २९ फुटी पंख पावणेपंधरा इंचांत बसतात. पुठ्ठ्याचे साचे कापावेत, लाकूड तासावे, साचा लावून पाहावा, पुन्हा काचकागद घासावा, असे हे सावकाशीचे काम. त्यात एक गोष्ट हाताला सारखी अडते. याचे पंख सरळ नाहीत. ते किंचित मागे झुकलेले आहेत. नवशिका कारागीर ते डोळ्यांना बरे दिसावेत म्हणून सरळ करून टाकतो, आणि तिथेच इतिहास पुसला जातो!

कारण या झुकावामागे माणसाच्या जिवाची काळजी आहे. यात गुरू पुढे बसे आणि शिष्य मागे. आधीच्या मॉथ विमानात पुढच्या बैठकीभोवती वरच्या पंखाचे आधारदांडे असल्यामुळे, हवाई छत्री बांधलेल्या गुरूला संकटसमयी बाहेर पडणे कठीण जाई. मग वरच्या पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. त्याने विमानाचा तोल बिघडू नये म्हणून पंखांची टोके मागे वळवली. ज्याला आपण निव्वळ डौल समजतो, ती गुरूसाठी केलेली वाट आहे.

दुसरे विमान आपल्या घरचे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४० साली बंगलोरला विमानांचा कारखाना काढला. तेथे कोल्हापूरकडच्या डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी एच.टी.-२ या विमानाचा आराखडा केला. घाटगे जर्मनीत गटिंगेनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली शिकलेले. ऑगस्ट १९५१ मध्ये हे विमान उडाले आणि पुढे आपल्या वायुदलात त्याने टायगर मॉथची जागा घेतली. घानाच्या वायुदलानेही ते नेले. हे सगळे धातूचे आणि एकपंखी; पंख खाली असल्यामुळे डोक्यावर दांड्यांचे जाळे नाही. माझ्या मापात याचे पंख साडेसतरा इंच भरतात. दोन्ही विमाने शेजारी मांडली की वीस वर्षांत विमानविद्या कुठून कुठे गेली, हे घरातल्या लहान मुलालाही न सांगता कळते. बैठका मात्र दोन्हींत दोनच, एकीमागे एक. विद्या देण्याची रीत काही बदलली नाही.

आता राहिली माणसे बसवण्याची गोष्ट. टायगर मॉथ एकट्याने न्यायचे झाले, तरी तोल राखण्यासाठी शिष्याला मागेच बसावे लागे. पहिल्या एकट्या उड्डाणाच्या दिवशी गुरू उतरून मैदानावर उभा राही, आणि शिष्यासमोर, जिथे इतके दिवस गुरूचे डोके दिसत असे, तिथे नुसते आकाश दिसे. म्हणून मी माझ्या विमानात एकच बाहुला बसवला आहे, तोही मागे. पुढची बैठक रिकामी आहे.