आनंदीबाईंचं नशीब कोणी लिहिलं?

मंडळाने 'आनंदी गोपाळ' हा २०१९ सालचा चित्रपट दाखवला, त्या संध्याकाळी चहाच्या टेबलापाशी झालेली वादावादी तिथे असलेल्यांना आठवत असेल. एका काकूंनी डोळे पुसत म्हटलं, "एवढं सोसलं, एवढी शिकली, आणि हाती काय लागलं? नशीब हो, दुसरं काय!" त्यावर एक काका उसळले, "नशीब कसलं? नवऱ्याच्या हट्टाने घेतला तिचा बळी." तेवढ्यात आमच्या सातवीतल्या कन्येने विचारलं, की त्यांनी इथल्यासारखा जाड कोट घातला असता आणि चिकन खाल्लं असतं तर त्या वाचल्या असत्या का? हॉल नऊ वाजता रिकामा करून द्यायचा होता, म्हणून वाद तसाच राहिला. खुर्च्या मिटून ठेवताना संपादकांनी आम्हांला गाठलं : तुम्ही केमिस्ट आहात, क्षयाबद्दल तुम्हीच लिहा. इतिहास हा काही आमचा प्रांत नव्हे. पण वाचायला बसलो आणि लक्षात आलं की या गोष्टीत रसायनशास्त्र वाटेत ठिकठिकाणी भेटतं, आणि ही गोष्ट बरीचशी आपल्या अंगणात, म्हणजे न्यू जर्सीत घडलेली आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. यमुना, म्हणजे पुढच्या आनंदीबाई, यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न, नवरा गोपाळराव जोशी वीसेक वर्षांनी मोठा, पोस्टात नोकरी. बायकोने शिकलंच पाहिजे हा त्यांचा ध्यास, आणि त्या ध्यासापायी ते मारतही. लाकडाचा मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, हे सगळं आनंदीबाईंनी पुढे अमेरिकेतून त्यांनाच लिहिलेल्या पत्रात आलं आहे. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. डॉक्टर व्हायचं त्यांनी मनात घेतलं ते तेव्हापासून.

आता योगायोग किती पाहा. गोपाळरावांनी १८७८ मध्ये कोल्हापूरहून वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं, की बायकोला अमेरिकेत शिकवायचं आहे, मदत कराल का. उत्तराचा सूर असा, की आधी ख्रिस्ती व्हा. जोशी दांपत्याने ते मान्य केलं नाही. पण हा पत्रव्यवहार मिशनऱ्यांच्या मासिकात छापून आला, आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिसिया कार्पेंटर यांनी तो दाताच्या डॉक्टरकडे बसल्या बसल्या वाचला. दाताच्या डॉक्टरकडचं जुनं मासिक! यालाच जर कोणी नशीब म्हणत असेल तर आमची हरकत नाही. पण त्या बाई घरी गेल्या आणि त्यांनी पत्र लिहिलं. ते मासिक चाळणारे आणखी कितीतरी असतील. पेन उचललं ते एका बाईने.

कार्पेंटरबाई आणि आनंदीबाई यांची पत्रं मग सुरूच राहिली. त्या पत्रांत आनंदीबाईंच्या तक्रारीही आहेत : डोकं दुखतं, अंगात ताकद नाही. म्हणजे प्रकृती अमेरिकेत येण्याआधीच तोळामासा होती. गोपाळरावांना स्वतःला तेव्हा निघणं जमेना, म्हणून एकटीने जावं असं ठरलं. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या कॉलेजात आनंदीबाईंनी भरल्या सभेत इंग्रजीत भाषण केलं. अठरा वर्षंही पुरी झालेली नव्हती. लोक मागे जे सहा प्रश्न विचारत होते तेच त्यांनी पुढे मांडले. अमेरिकेलाच का? इथे सोय नाही का? एकटी का? परतल्यावर वाळीत टाकतील त्याचं काय? संकट कोसळलं तर काय करशील? आणि कुठल्याच बाईने केलं नाही ते तूच का करावंस?

पाचव्या प्रश्नावर थांबू या, कारण चहाच्या टेबलावरचा आपला सगळा वाद त्यात आहे. संकट कोसळलं तर काय, हे त्यांना कोणी मागाहून विचारलेलं नाही. तो प्रश्न त्यांनी स्वतःच्या तोंडाने, निघण्यापूर्वी, परक्या लोकांसमोर उच्चारला आणि तरीही ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट धरली. आपण मराठी मंडळी आनंदीबाईंची गोष्ट सांगताना हे भाषण दोन वाक्यांत उरकतो आणि गोपाळरावांच्या विक्षिप्तपणावर दोन तास घालवतो. नवऱ्याने ढकललं हे खरंच आहे. पण ढकललेलं माणूस सहा प्रश्न मांडून त्यांची उत्तरं देत बसत नाही.

४ जून १८८३ ला त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या. जाता जाता सांगतो, त्याच वर्षी जानेवारीत एडिसनने रोझेल गावात खांबांवरून तारा नेऊन विजेचे दिवे लावले होते. असा प्रयोग झालेलं ते पहिलं गाव. म्हणजे रॉकेलच्या दिव्याशी अभ्यास केलेली ही मुलगी थेट विजेच्या दिव्यांच्या गावात येऊन पडली. आम्ही इतकी वर्षं त्या बाजूने पार्कवेवरून जातो-येतो, आणि हे आम्हांला आता कळलं!

तिथून फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज. तिथल्या डीन रेचल बॉडली या मूळच्या रसायनशास्त्रज्ञ. १८६५ साली, आनंदीबाई जन्मल्या त्याच वर्षी, त्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्राध्यापक झाल्या. १८७४ मध्ये प्रिस्टलीच्या ऑक्सिजनच्या शोधाला शंभर वर्षं झाली, तेव्हा काहीतरी समारंभ करावा ही कल्पना बॉडलीबाईंची. त्या मेळाव्यातून पुढे १८७६ मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटी निघाली, जिची वर्गणी आमच्यासारखे अजून दरवर्षी कुरकुरत भरतात. तर अशा बाईंनी आनंदीबाईंना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्ती मिळवून दिली. ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली. समारंभाला गोपाळराव होते, पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. प्रबंधाचा विषय हिंदू लोकांतलं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षीचं ते दहा दिवसांचं बाळ त्या विषयामागे उभं आहे, असं आम्हांला वाटतं.

दरम्यान प्रकृती ढासळत होती. फिलाडेल्फियातल्या खोलीतली शेगडी पेटवली की खोलीभर धूर होई, त्यामुळे थंडी सोसा नाही तर धूर सोसा असा प्रकार होता असं सांगतात. नऊवारीत पोटऱ्या उघड्या पडत. पुढे त्यांनी गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली, पण साडी सोडली नाही. शाकाहारही सोडला नाही. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन असं सांगून त्या निघाल्या होत्या. ऑक्टोबर १८८६ मध्ये परत निघाल्या तेव्हा क्षय हाडीमांसी मुरलेला होता. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाचं काम त्यांच्यासाठी वाट पाहत होतं, ते हाती घेणं झालंच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या. श्रीरामपूरच्या भाषणाला बरोबर चार वर्षं आणि दोन दिवस झाले होते. बावीस वर्षं पुरी व्हायला महिना कमी होता.

आता आमच्या कन्येच्या प्रश्नाकडे येतो, कारण उत्तर आम्हांला थोडंफार देता येण्यासारखं आहे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये जाहीर केला तो २४ मार्च १८८२ ला, म्हणजे आनंदीबाई निघण्याच्या वर्षभर आधी. शत्रूचं नाव कळलं होतं, हत्यार नव्हतं. हा जंतू अंगात शिरलेल्या दहातल्या नऊजणांना जन्मभर काही होत नाही, तो आत झोपून राहतो. एखाद्याची ताकद कमी पडली की जागा होतो. त्यामुळे आनंदीबाईंना तो कल्याणला लागला, कलकत्त्याला, बोटीवर की फिलाडेल्फियात, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. पोषक खाणं आणि ऊब मिळाली असती तर कदाचित काही वर्षं मिळाली असती. कदाचितच. कोट घालणारे आणि मटण खाणारे अमेरिकन त्या काळात क्षयाने काही थोडे मेले नाहीत. १८८५ च्या ऑक्टोबरात कॉलेजात काढलेला तीन परदेशी विद्यार्थिनींचा फोटो प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाईंशेजारी जपानच्या केई ओकामी आहेत, तेच गाव, तीच थंडी, आणि त्या १९४१ पर्यंत जगल्या. एका फोटोवरून सिद्धांत मांडला तर आमचे प्रोफेसर पेपर तोंडावर फेकून मारतील, म्हणून पुढे जातो.

हत्यार सापडलं ते कुठे? रोझेलपासून वीसेक मैलांवर, न्यू ब्रन्स्विकला, रटगर्सच्या शेतकी कॉलेजात. आल्बर्ट शाट्झ नावाच्या तेवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तळघरातल्या प्रयोगशाळेत, खत घातलेल्या शेतातल्या मातीतून, १९ ऑक्टोबर १९४३ ला स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. आनंदीबाईंना जाऊन तेव्हा छप्पन्न वर्षं झाली होती. (नोबेल पारितोषिक १९५२ मध्ये त्याच्या प्रोफेसरांना, वाक्समन यांना मिळालं, शाट्झला नाही. पीएच.डी. करणाऱ्या मंडळींनी हे वाचून उसासा टाकायला हरकत नाही.)

पण आम्हांला खरं हलवलं ते दुसऱ्या औषधाने. आयसोनायझिड हे क्षयावरचं साधं, स्वस्त, आजही रोज दिलं जाणारं औषध. ते प्रथम तयार झालं १९१२ मध्ये, प्रागमध्ये. मायर आणि माली या दोघांनी रसायनशास्त्राचा अभ्यास म्हणून बनवलं, वर्णन छापलं, आणि संपलं. क्षयावर ते चालतं का हे कोणी विचारलंच नाही. १९५२ च्या सुमारास तीन कंपन्यांना ते वेगवेगळं सापडलं, त्यातल्या दोघींच्या प्रयोगशाळा आपल्या न्यू जर्सीतल्या, नटली आणि न्यू ब्रन्स्विकच्या. मधल्या चाळीस वर्षांत जगभर घराघरांत माणसं खोकत गेली, आणि मागे राहिलेल्यांनी नशीब म्हटलं. कृती मात्र लायब्ररीतल्या कपाटात होती. तेव्हापासून आमच्या फ्रीजमधल्या जुन्या, धूळ बसलेल्या बाटल्यांकडे आम्ही जरा घाबरूनच पाहतो.

काकांच्या बाजूलाही एक सांगायचं आहे. आनंदीबाईंच्या आदल्या वर्षी, १८६४ मध्ये, मुंबईत रखमाबाई जन्मल्या. त्यांचंही लग्न लहानपणी झालेलं. त्यांनी नवऱ्याकडे नांदायला जायचं नाकारलं आणि खटला उभा राहिला. आनंदीबाई गेल्या त्याच्या सहाव्या दिवशी, ४ मार्च १८८७ ला, कोर्टाने हुकूम दिला की नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंग पत्करला असं सांगितलं. पुढे तडजोड झाली, त्या लंडनला गेल्या, १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं आणि १९५५ मध्ये नव्वदीत गेल्या. एकीने नवऱ्याच्या हट्टाला आपल्या हट्टाचा जोड दिला, दुसरीने नवऱ्याला नकार दिला. रखमाबाई जगल्या म्हणून त्यांची निवड शहाणी आणि आनंदीबाई गेल्या म्हणून त्यांची चुकली, असं कोणी म्हणू लागलं तर आम्ही त्याच्याशी पुन्हा हॉल बंद होईपर्यंत भांडू.

काकूंशी मात्र भांडवत नाही. आमचे वडील गेले तेव्हा आम्ही लॅबमध्ये होतो, आणि विमानाने पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आई म्हणाली, "नशिबात नव्हतं रे भेट होणं." आम्ही इथे राहायचं ठरवलं होतं, त्या वर्षीची भारतवारी आम्हीच पुढे ढकलली होती, हे तिला पुरतं ठाऊक होतं. नशीब हा शब्द तिने आमच्यासाठी वापरला, पाठीवर हात ठेवावा तसा. या अंकाच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांनी तो शब्द फोनवर ऐकला असेल. माणसं एकमेकांना तो देतात तेव्हा घ्यावा. पण दीडशे वर्षांपूर्वीच्या मुलीचा हिशेब मांडताना तो वापरला, की कार्पेंटरबाईंचं पत्र, बॉडलीबाईंचा शब्द, गोपाळरावांची छडी आणि श्रीरामपूरचे सहा प्रश्न, सगळं एकाच झाकणाखाली जातं.

आनंदीबाईंच्या अस्थी पुण्याहून कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या. न्यूयॉर्क राज्यात पोकीप्सीच्या दफनभूमीत, त्या बाईंच्या कुटुंबाच्या जागेत त्यांची समाधी आहे. आम्ही गेल्या उन्हाळ्यात मुलांना घेऊन गेलो होतो. साधा दगड आहे, नाव, पुढे एम. डी., खाली १८६५ ते १८८७, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाची ओळ. जोशीचं स्पेलिंग त्यांच्या पद्धतीचं, शेवटी दोन 'ई'. मुलीने आकडे वजा करून पाहिले आणि म्हणाली, "आपल्या शेजारची कॉलेजला जाणारी ताई एवढीच आहे." आम्ही तिथे उभं राहून डब्यातल्या पोळ्या खाल्ल्या, कारण बसायला जागा ओली होती.

येत्या वसंतात मंडळातर्फे सगळ्यांनी मिळून जावं असा विचार आहे. एडिसनहून गाडीने दोन-सव्वादोन तास लागतात. नावं समितीकडे द्यावीत म्हणजे गाड्यांची जुळवाजुळव करता येईल. जेवणाचा डबा आपापला, आणि सतरंजी आठवणीने आणा.