एकाच केबलमधून चित्र आणि वीज : नेटवर्क कॅमेऱ्याच्या पुरवठ्याचा इतिहास

सुरक्षा कॅमेऱ्याचा इतिहास सहसा चित्राच्या स्पष्टतेच्या अंगाने सांगितला जातो. परंतु बंद पडलेल्या कॅमेऱ्याचा दोष तंत्रज्ञ आज ज्या रीतीने शोधतो, ती रीत कॅमेऱ्याला वीज कशी मिळत गेली या कमी चर्चिलेल्या इतिहासातून घडली आहे.

स्वीडनच्या अ‍ॅक्सिस कम्युनिकेशन्सने १९९६ मध्ये आणलेला ‘नेटआय २००’ हा पहिला नेटवर्क कॅमेरा मानला जातो. त्याचे चित्र संगणकांच्या जाळ्यातून जात असले, तरी वीज वेगळ्या अ‍ॅडाप्टरमधूनच घ्यावी लागे. कॅमेऱ्याची जागा छताच्या कोपऱ्यात किंवा फाटकाच्या खांबावर आणि प्लग भलतीकडेच, अशी स्थिती असल्याने १२ व्होल्टची बारीक तार लांबवर ओढली जाई. व्होल्टेज जितके कमी, तितका त्याच कामासाठी प्रवाह अधिक आणि तारेतील घटही अधिक, त्यामुळे शेवटच्या टोकाला कॅमेरा अर्धपोटी राही.

यावरचे उत्तर दूरध्वनीने पूर्वीच शोधले होते. घरातील वीज गेली तरी लँडलाइन चालू राही, कारण तिला दूरध्वनी केंद्रातील बॅटऱ्यांचा ४८ व्होल्ट डीसी पुरवठा बोलण्याच्याच तारांवरून मिळे. ही युक्ती संगणकी जाळ्यात प्रथम नेटवर्क फोनसाठी आली. मात्र उत्पादकांच्या पद्धती वेगवेगळ्या असल्याने सर्वमान्य मानकाची गरज भासली आणि जून २००३ मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने ‘८०२.३एएफ’ मंजूर केले. जाळ्यातील उपकरणे एकमेकांना जोडणाऱ्या स्विचच्या खाचेत एखादा साधा प्रिंटरही जोडला जाऊ शकतो हे ध्यानी घेऊन, स्विचने आधी अल्प व्होल्टेज देऊन समोर सुमारे २५ किलोओहमचा रोध, म्हणजे ‘वीज चालेल’ अशी उपकरणाची खूण, आढळते का हे तपासावे आणि मगच पूर्ण पुरवठा सोडावा, असे ठरले. २४ व्होल्ट थेट सोडणारी ‘पॅसिव्ह’ साधने ही विचारपूस करत नाहीत. म्हणून ती मानकानुसार बनलेल्या कॅमेऱ्याशी जुळत नाहीत.

मानकातील आकडे केबलच्या हिशेबातून आले आहेत. उगमापाशी किमान ४४ व्होल्ट आणि ०.३५ अँपिअर, म्हणजे १५.४ वॅट, असे धरले आणि १०० मीटर केबलचा जाण्यायेण्याचा रोध २० ओहम मानला, तर वाटेतच ७ व्होल्ट खर्ची पडतात व उपकरणाच्या हाती १२.९५ वॅट उरतात. कॅमेरे फिरू लागले, त्यांना हीटर जोडले गेले, तशी ही शिदोरी अपुरी पडली. २००९ च्या मानकाने उगमापाशी ३० वॅट आणि २०१८ च्या मानकाने ९० वॅटपर्यंत मर्यादा वाढवली.

दिवसा सुरळीत चालणारा आणि अंधार पडताच पुन्हापुन्हा चालू-बंद होणारा कॅमेरा याच हिशेबाचा अवशेष होय : रात्री अवरक्त दिवे लागून मागणी वाढते आणि काठावरचा पुरवठा तुटतो. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या स्वस्त केबलचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे दीडपट असल्याने हा दोष लवकर उघडा पडतो. म्हणूनच जाणता तंत्रज्ञ कॅमेरा उतरवून स्विचशेजारी, तांब्याच्या हातभर केबलवर, दिवे लावून चालवून पाहतो. तेथे तो टिकला, तर २००३ मध्ये गृहीत धरलेले २० ओहम भिंतीतल्या केबलने कधीच ओलांडले आहेत, अशी शंका बळावते.