थांबलेल्या अ‍ॅम्ब्युलन्सलाही वाट द्यावी लागते

मागून सायरन वाजवत अ‍ॅम्ब्युलन्स आली की गाडी बाजूला घ्यायची, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पण तीच अ‍ॅम्ब्युलन्स रस्त्याच्या कडेला, दिवे लुकलुकत उभी असेल तर तुम्ही काय करता? "ती तर बाजूलाच आहे," असं म्हणून बहुतेक जण त्याच वेगात पुढे निघून जातात. थोडी मान वळवून काय झालंय ते बघतात, एवढंच.

खरं तर त्या वेळी तिथे उपचार चालू असतात. कुणाचा रक्तस्राव थांबवला जात असतो, कुणाच्या मानेला पट्टा बांधला जात असतो. म्हणजे तो एक वॉर्डच असतो, फक्त त्याला भिंती नसतात. त्या भिंतीचं काम करण्यासाठी अमेरिकेत एक कायदा झाला. त्याला तिथे 'मूव्ह ओव्हर' म्हणजे 'बाजूला सरका' कायदा म्हणतात. त्याचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे.

उपचार रस्त्यावर कसे आले?

साठच्या दशकापर्यंत अमेरिकेतही अ‍ॅम्ब्युलन्स म्हणजे रुग्णाला उचलून दवाखान्यात पोहोचवणारी गाडी, एवढाच अर्थ होता. तिथल्या जवळपास निम्म्या अ‍ॅम्ब्युलन्स सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारे लोक चालवत असत! कारण साधं होतं. माणसाला आडवं झोपवून नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असायची.

१९६६ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने एक अहवाल प्रसिद्ध केला. अपघाती मृत्यू आणि अपंगत्व हा आधुनिक समाजाचा दुर्लक्षित आजार आहे, असं त्याचं शीर्षकच सांगत होतं. त्यानंतर चित्र बदलू लागलं. प्रशिक्षित पॅरामेडिक तयार झाले. श्वासमार्ग मोकळा करणं, रक्तस्राव थांबवणं, सलाइन लावणं ही कामं अपघाताच्या जागीच होऊ लागली.

रुग्णाचा यात मोठाच फायदा झाला. पण याची एक दुसरी बाजूही होती. आता उपचार करणारा माणूस बराच वेळ रस्त्यावर, बऱ्याचदा रहदारीकडे पाठ करून, खाली वाकून काम करत होता. त्याच्यापासून हातभर अंतरावरून गाड्या सुसाट जात होत्या.

एका पॅरामेडिकचा लढा

जानेवारी १९९४ मध्ये दक्षिण कॅरोलिना राज्यातल्या लेक्झिंग्टन भागात जेम्स गार्सिया हे पॅरामेडिक एका अपघाताच्या ठिकाणी मदत करत असताना त्यांना गाडीची धडक बसली आणि ते जखमी झाले. पुढे जे झालं ते जास्त धक्कादायक होतं. पोलिसांच्या नोंदीत चूक गार्सिया यांचीच ठरली!

गार्सिया गप्प बसले नाहीत. मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारा कायदा हवा, यासाठी त्यांनी प्रयत्न सुरू केले आणि १९९६ मध्ये त्या राज्यात असा कायदा झाला. जपून जाण्याची जबाबदारी आता बाजूने जाणाऱ्या चालकावर आली.

मग इतर राज्यांनीही असे कायदे केले. काही ठिकाणी त्यासाठी जीव जावा लागला. डिसेंबर २००० मध्ये शिकागो अग्निशमन दलाचे लेफ्टनंट स्कॉट गिलेन महामार्गावरच्या अपघातात मदत करत असताना एका मद्यधुंद चालकाच्या गाडीची धडक बसून मरण पावले. इलिनॉय राज्यातला कायदा आजही 'स्कॉटचा कायदा' म्हणून ओळखला जातो. २०१२ मध्ये हवाईने कायदा केला आणि पन्नासही राज्यं पूर्ण झाली. पुढे अनेक राज्यांनी बिघडलेल्या गाड्या ओढून नेणारे आणि रस्तादुरुस्ती करणारे यांनाही हे संरक्षण दिलं.

या कायद्याचा गाभा सोपा आहे. उभ्या गाडीशेजारची लेन सोडून पलीकडच्या लेनमध्ये जा. ते शक्य नसेल तर वेग कमी करा. ऑस्ट्रेलियात तर वेगाचा आकडाच ठरवून दिला आहे. व्हिक्टोरिया राज्यात २०१७ पासून अशा गाडीजवळून जाताना ताशी ४० किलोमीटरची मर्यादा आहे, दक्षिण ऑस्ट्रेलियात ती २५ आहे.

आपला मेंदू इथे कसा फसतो?

"आम्ही बघूनच चालवतो," असं तुम्ही म्हणाल. पण आपल्या मेंदूच्या काही मर्यादा आहेत.

पहिली गोष्ट, महामार्गावर पुढची गाडी चालतीच असणार असं मेंदू गृहीत धरतो. ती थांबलेली आहे हे त्याला उशिरा कळतं. दुसरी, रात्री लुकलुकणाऱ्या प्रखर दिव्यांमुळे डोळे दिपतात आणि शेजारी उभा असलेला माणूस दिसतच नाही. तिसरी, आपण जिकडे बघतो तिकडे हात नकळत स्टिअरिंग वळवतात. म्हणून 'काय झालंय' ते बघत जाणं धोक्याचं.

आता थोडं गणित. ताशी १०० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे २८ मीटर. धोका ओळखून ब्रेकवर पाय जायला दीड सेकंद लागला, तर ब्रेक लागण्याआधीच गाडी ४२ मीटर पुढे गेलेली असते. वेग निम्मा केला तर धडकेची ऊर्जा निम्मी नाही, एक चतुर्थांश होते. माणसाची हाडं, यकृत आणि मेंदू यांच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे.

तुम्ही काय कराल?

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात कलम १९४ई आलं. अ‍ॅम्ब्युलन्स किंवा अग्निशमन दलाची गाडी येत असताना बाजूला न होणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण या कलमाचा रोख येणाऱ्या गाडीवर आहे. उभ्या गाडीच्या बाबतीत मात्र आपली सवयच उपयोगी पडणार आहे. म्हणून एवढं करा:

• पुढे लुकलुकणारे दिवे दिसले की लगेच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढा.
• आरशात बघून, इंडिकेटर देऊन एक लेन सोडा. जागा नसेल तर वेग बराच कमी करा, पण एकदम ब्रेक मारू नका.
• नजर पुढे ठेवा. मोबाइलवर व्हिडिओ काढणं तर नकोच.
• मुलं अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात असतील आणि तुम्ही तिथे गाडी चालवणार असाल, तर त्या राज्याचा नियम आधी विचारून घ्या.

१०८ ला फोन केल्यावर अ‍ॅम्ब्युलन्स लवकर यावी असं आपल्याला वाटतं. ती आल्यावर रस्त्यावर उतरून काम करणारे डॉक्टर आणि चालक संध्याकाळी सुखरूप घरी जावेत, हेही आपणच बघायचं आहे. त्यासाठी तुमचे फार तर दहा-पंधरा सेकंद जातील.