पाळतीला माणूस होता, राखणीला नव्हता

मेंफिस हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं शहर. कापसाच्या बाजाराचं. १ फेब्रुवारी १९६८ ला तिथं धो धो पाऊस. कचरा उचलणारे दोन काळे कामगार, इकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर, आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीतच मागं शिरले. कचरा दाबायचं यंत्र आपोआप चालू झालं आणि दोघं आत चिरडले.

१२ फेब्रुवारीला सुमारे १३०० सफाई कामगार संपावर गेले. पुढं त्यांच्या हातात पाट्या आल्या. पाटीवर एवढंच : मी माणूस आहे. ही पाटी आपल्याला कुणी फोड करून सांगायला नको. महापौर हेन्री लोब म्हणाला, संप बेकायदा. २३ फेब्रुवारीला पोलिसांनी मोर्च्याच्या तोंडावर डोळे जाळणारा फवारा मारला. २८ मार्चच्या मोर्च्यात स्वतः मार्टिन ल्यूथर किंग होते. त्या दिवशी काचा फुटल्या, लाठ्या चालल्या आणि १६ वर्षांचा लॅरी पेन पोलिसाच्या गोळीनं मेला. दोस्तांनो, हे ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

३ एप्रिलला किंग परत आले. लॉरेन मोटेल, खोली नंबर ३०६. ४ एप्रिलच्या संध्याकाळी ६ वाजून १ मिनिटानं ते गॅलरीत उभे असताना एक गोळी आली. तासाभरात किंग गेले. वय फक्त ३९.

आता पोलीस कुठं होते ते बघू. मोटेलसमोर आगीच्या बंबांचं ठाणं होतं. त्याच्या मागच्या खिडकीला कागद चिकटवलेले, कागदाला भोकं पाडलेली, आणि भोकातून पोलीस दुर्बिणीनं किंगच्या खोलीवर नजर ठेवून. खून त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. त्याच ठाण्यात पोलिसांचं एक पथक घटकाभर विश्रांतीला थांबलेलं होतं. इतकंच नाही. गोळी लागल्यावर किंगपाशी धावत पहिल्यांदा पोचलेल्यांत एक तरुण होता. तो मेंफिसच्या पोरांच्या एका जहाल संघटनेत वावरायचा. पुढं उघड झालं की तो पोलिसांचाच माणूस, संघटनेत पेरलेला.

म्हणजे नजर भरपूर होती. राखण? ३ तारखेला किंगसाठी चारेक पोलीस दिले होते, ते त्याच संध्याकाळी काढून घेतले. ४ तारखेला कुणीच नाही. ठाण्यातल्या दोन काळ्या बंबवाल्यांची आदल्या रात्री दुसरीकडं बदली झाली. पाळतीवरच्या एका काळ्या हवालदाराला, तुझ्याच जिवाला धोका आहे म्हणून, खुनाच्या दोनेक तास आधी घरी पाठवलं. तो धोका पोकळ निघाला.

पोलिसांचं म्हणणं, किंगच्या लोकांनाच आमचं संरक्षण नको होतं. ते साफ खोटं नाही. पुढं संसदेच्या समितीनंही तसं नोंदवलंय. पण का नको होतं? ज्यांनी महिन्यापूर्वी डोळ्यांत फवारा मारला आणि आठवड्यापूर्वी एक पोर मारलं, त्यांना दाराशी उभं करून कोण झोपेल? लोक म्हणतात अविश्वास खुनानंतर आला. तसं नाही. तो आधीपासून होता, म्हणून तर दार उघडं राहिलं.

मी सूतगिरणीत रात्रपाळी करतो. पाळी सुटली की गेटावरचा वॉचमन आमचे डबे उघडून बघतो, बॉबिन चोरलंय का. मशीनमध्ये कुणाचं बोट गेलं तर त्याचं काय जातंय? त्याला पगार सुताच्या राखणीचा. शिव्या देऊन उपयोग नाही, त्याला काय कामाला ठेवलंय ते ओळखावं.

एफबीआयला काय कामाला ठेवलं होतं? किंगचे फोन १९६३ पासून ऐकले जात होते, अॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडीच्या मंजुरीनं. १९६४ मध्ये या खात्यानं त्यांना एक निनावी पत्र आणि खासगी आयुष्यातलं चोरून केलेलं ध्वनिमुद्रण पाठवलं. पत्राचा रोख असा की जीव दे, नाहीतर अब्रू घालवू. आणि मार्च १९६८ मध्ये, खुनाच्या महिनाभर आधी, एडगर हूव्हरच्या कचेरीतून लेखी हुकूम सुटला : काळ्यांमध्ये कुणी मसीहा उभा राहू देऊ नका. यातलं बरंच १९७५-७६ मध्ये सिनेटच्या चर्च समितीनं चव्हाट्यावर आणलं.

आणि खुनाचा तपास कुणाकडं? याच एफबीआयकडं. जेम्स अर्ल रे हा तुरुंग फोडून पळालेला गोरा गुन्हेगार ८ जून १९६८ ला लंडनच्या विमानतळावर धरला. १० मार्च १९६९ ला त्यानं गुन्हा कबूल केला, शिक्षा ९९ वर्षं. तिसऱ्या दिवशी उलटला. १९७९ मध्ये संसदेच्या समितीनं सांगितलं : गोळी रेचीच, त्याच्यामागं बहुधा कट होता, पण सरकारी खात्याचा हात असल्याचा पुरावा नाही. डिसेंबर १९९९ मध्ये किंगच्या घरच्यांनी केलेल्या दिवाणी दाव्यात मेंफिसच्या ज्यूरीनं उलटं सांगितलं : कटात सरकारी यंत्रणाही होत्या. २००० मध्ये न्याय खात्यानं ते फेटाळलं.

मला विचाराल तर १९९९ चा निकाल मी पुरावा म्हणून छातीला लावणार नाही. त्या खटल्यात दोन्ही बाजूंची भाषा जवळजवळ एकच होती, समोरून उलटतपासणीची धार नव्हती. आपल्या पोरांनी ऐकीव गोष्टी जपून वापराव्यात, कारण एक खोटी निघाली की दहा खऱ्या बुडतात. पण न्याय खात्याचा अहवाल खरा असला तरी किंगच्या घरच्यांनी तो कशावरून मानायचा? निनावी पत्र त्याच खात्याखालच्या एफबीआयनं धाडलं होतं.

हे आपल्याला परकं नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती तिकडच्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली, तिथं आलेल्या राज्य राखीव दलाच्या गोळ्यांनी दहा माणसं गेली. नावातच राखीव.

संप तुटला नाही, हेही सांगितलं पाहिजे. १६ एप्रिल १९६८ ला मेंफिसच्या नगरपालिकेनं युनियन मानली, पगारवाढ दिली. जुलै २०२५ मध्ये किंगच्या खुनाची दोन लाख तीस हजारांहून जास्त पानं सरकारनं खुली केली. पाळतीच्या टेपांबद्दल मात्र १९७७ चा कोर्टाचा हुकूम होता : पन्नास वर्षं, म्हणजे २०२७ पर्यंत, सीलबंद.