शेवटचा हात कोणाचा?



रावेर स्टेशनात केळीच्या वॅगन भरताना आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. आपला माल इथून थेट दिल्लीकडे जातो. आज आम्ही याच रुळांवरची सव्वाशे वर्षांपूर्वीची गोष्ट सांगणार आहोत.

रावेर सोडलं की बऱ्हाणपूर, खांडवा, मग सोहागपूर, नरसिंहपूर, जबलपूर. १८९६-९७ साली या मध्य प्रांतात मोठा दुष्काळ पडला. धान्य अगदीच नव्हतं असं नाही. रेल्वेनं ते येत होतं, पण भाव कडाडलेले आणि हाताला मजुरी नाही. बाजारात धान्य आणि घरात उपास, अशी गत झाली होती.

त्या वेळी पंडिता रमाबाई पुण्याहून तिकडे निघाल्या. जबलपूरची गाडी भुसावळ-रावेरवरूनच जाते, म्हणजे त्या आपल्या दारावरूनच गेल्या असणार.

त्यांना जायची काय गरज होती? बायांनो, भूक त्यांनी स्वतः सोसली होती. १८७४ नंतरच्या दुष्काळात, मद्रास इलाख्यात फिरत असताना, त्यांचे वडील अनंतशास्त्री, आई लक्ष्मीबाई आणि थोरली बहीण अन्नाविना गेली. उरली ती रमा आणि भाऊ श्रीनिवास. घरात संस्कृतची विद्या होती, पण पोटात घास नव्हता.

मध्य प्रांतात सरकारी अनाथगृहं उघडली होती. तिथं रमाबाईंनी पाहिलं की पोरक्या तरुण मुलींवर वाईट माणसांचा डोळा आहे. भाकरीच्या आशेनं मुलगी कुणाच्याही मागे जात होती. पुरुष उपाशी राहिला तर भुकेनं मरतो. बाई उपाशी राहिली तर तिला भुकेच्या आधी अब्रूची काळजी करावी लागते. हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही.

त्यांनी सुमारे ३०० मुली आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध होते, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेलं. तेच पुढे मुक्ती सदन झालं.

आता पैशाचं बघू. रमाबाई अमेरिकेत असताना १८८७ साली बोस्टनला ‘अमेरिकन रमाबाई असोसिएशन’ उभी राहिली. तिकडच्या गावोगावच्या मंडळांनी दर वर्षी ठरावीक वर्गणी देण्याचं कबूल केलं, तेही दहा वर्षं. त्यावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन ही शाळा सुरू झाली. दुष्काळातल्या मुलींसाठी मात्र परदेशातून वेगळ्या देणग्या आल्या.

दोनच वर्षांत, १८९९-१९०० साली, त्याहून भयंकर दुष्काळ आला. गुजरात-राजस्थानात त्याला ‘छप्पनिया’ म्हणतात. आपलं खानदेशही त्यातून सुटलं नाही. त्या वेळी न्यूयॉर्कच्या ‘ख्रिश्चन हेरल्ड’ या साप्ताहिकानं वाचकांकडून मदत गोळा केली आणि मे १९०० मध्ये ‘क्विटो’ नावाची बोट सुमारे २ लाख बुशेल, म्हणजे जवळजवळ ५ हजार टन मका घेऊन मुंबईकडे निघाली. बोटीचं भाडं अमेरिकन सरकारनं दिलं. वाटपाचं काम मिशनरी मंडळींकडे होतं. याच दुष्काळात रमाबाईंनी गुजरातेतूनही मुली आणल्या आणि केडगावची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली.

या मदतीला दुसरी बाजूही आहे, ती झाकून चालणार नाही. मदतीबरोबर धर्मही आला. केडगावची संस्था ख्रिस्ती होती आणि तिथल्या पुष्कळ मुली ख्रिस्ती झाल्या. दुष्काळात हजारो पोरकी मुलं ठिकठिकाणच्या मिशनच्या आश्रयाला गेली, त्यावरून आपल्या समाजात संताप झाला. तो समजण्यासारखा आहे, कारण उपाशी लेकराला ‘हो’ आणि ‘नाही’ यांतला फरक कुठून कळणार? पण आम्हाला दुसराही प्रश्न पडतो. त्या मुली अनाथगृहाच्या दाराशी बसल्या होत्या, तेव्हा त्यांच्या जातीचे, गावचे किती जण त्यांना न्यायला आले होते?

आम्हाला वाटतं, मदत कुठून आली यापेक्षा ती देणारा शेवटचा हात कोणाचा, हे जास्त महत्त्वाचं. बोस्टनच्या बाईला सोहागपूर कुठं आहे हेही माहीत नसेल. पण तिचा पैसा ज्या हातून गेला, त्या हातानं उपास सोसला होता. म्हणून ३०० मुलींना नुसता घास मिळाला नाही, तर अक्षरं, शेतीकाम, विणकाम आणि रात्री निर्धास्त झोपायला जागा मिळाली.

आपल्याकडेही वादळात केळी आडवी होतात, पूर येतात, मदतीच्या पिशव्या येतात. तेव्हा यादी कोण करतं, पाहा. कोणत्या घरची चूल दोन दिवस पेटली नाही, कोणती लेक एकटी आहे, हे शेजारणीला माहीत असतं. त्या यादीवर तिचंही बोट असू द्या.