कर्ज, फवारणीचा डबा आणि मन : वऱ्हाडातील एका संशोधनाचा इतिहास

१/ वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेच्या या राजधानीचे नाव पुढच्या काही वर्षांत देशभर पोचले ते मात्र एका शोकयादीतून. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा हे ते सहा ‘शेतकरी आत्महत्याग्रस्त’ जिल्हे.

२/ शासनाने या मृत्यूंची मीमांसा प्रथम केली ती मदतीच्या फायलीतून. डिसेंबर २००५ पासून मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपये देण्याचे ठरले आणि त्यासोबत ‘पात्र’ व ‘अपात्र’ हे दोन शब्द वऱ्हाडाच्या घराघरांत शिरले. नापिकी होती काय, कर्ज थकले होते काय, वसुलीचा तगादा होता काय, यावर निर्णय होई. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले. त्याचाही रोख कर्ज, व्याज, सिंचन आणि बियाण्यांवर होता.

३/ ही कारणे खोटी नव्हती. कोरडवाहू सोयाबीन, तूर आणि कापूस यांवर संसार चालवणाऱ्यास एक पावसाळा बुडाला की काय होते, हे रिसोड-मानोऱ्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. तरीही एक प्रश्न उरतच होता. त्याच गावात, तेवढेच कर्ज असलेले शेकडो जण जगले. मग काहींचीच वाट का संपली?

४/ या प्रश्नाकडे फायलीचे लक्ष नव्हते; उलट तिने तो झाकला. दारू, आजार वा घरातील कलह पुढे आला की प्रकरण अपात्र ठरण्याची भीती असे. मग शोकाकुल कुटुंबाने नैराश्याचा उच्चार तरी कशाला करावा?

५/ २०१२ मध्ये विदर्भातील एका गुणात्मक अभ्यासात खुद्द शेतकऱ्यांनाच कारणे विचारली गेली. कर्ज आलेच, पण त्याच्या जोडीला व्यसन, पिकाला न मिळणारा भाव, ताण आणि कौटुंबिक जबाबदाऱ्याही आल्या. अर्थशास्त्र आणि मानसशास्त्र अशी विभागणी विद्यापीठांत होते, गावात नव्हे. सावकाराचा निरोप आणि उडालेली झोप गावात एकाच रात्री येतात.

६/ आता उपचारांकडे. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ चे. ब्रिटिश काळातील अशा वास्तूंचा मूळ हेतू वेड्यांना समाजापासून दूर ठेवणे हा होता आणि ती ओळख पुढेही पुसली नाही. वाशीमहून सुमारे अडीचशे किलोमीटरांवरच्या त्या दारात केवळ ‘जीव लागत नाही’ म्हणून कोण जाणार? १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला, १९९६ मध्ये त्याची जिल्हा योजना. धोरण उत्तम होते, पण गावोगावी पाठवायला डॉक्टर कुठून आणायचे?

७/ यावर तोड निघाली ती गोव्यातून. तेथील ‘संगत’ संस्थेत डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन समुपदेशक केले. २०१० आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांच्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. २०१७ च्या उपचाराचे सूत्र साधे होते. आपण समजतो, मन ताळ्यावर आले की माणूस कामाला लागेल. येथे क्रम उलटला : सोडून दिलेली लहान लहान कामे, भेटीगाठी, आवडीच्या गोष्टी आधी सुरू करायच्या, मन मागाहून येते. नैराश्य माणसाला घरात बसवते आणि ते बसणेच नैराश्य वाढवते. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडायचे. नेहमीच्या उपचाराला याची जोड मिळालेल्या रुग्णांत तीन महिन्यांनी नैराश्य लक्षणीय कमी आढळले.

८/ हीच रीत ‘विश्राम’ या नावाने वऱ्हाडात आली. डॉ. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत काम केले. गावातले कार्यकर्ते, त्यांच्यावर समुपदेशक, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ अशी ती उतरंड. निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले. नैराश्यग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आले.

९/ येथे सावधगिरी हवी. तुलनेसाठी कार्यक्रमाविना राहिलेली गावे या अभ्यासात नव्हती. त्यामुळे सगळे श्रेय ‘विश्राम’ला देता येत नाही. पण शंभरांत चार जण मदत घेत होते, हा पहिला आकडाच पुरेसा बोलका आहे.

१०/ दुसरा धागा विषाचा. आत्महत्येची ऊर्मी अनेकदा काही तासांत ओसरते. हाताशी काय आहे यावर मग जीव अवलंबून असतो. श्रीलंकेने १९८० च्या दशकापासून अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि पुढील दोन दशकांत तेथील आत्महत्यांचा दर शिखराच्या निम्म्याखाली आला. माजघराच्या कोनाड्यात फवारणीचा डबा ठेवणाऱ्या आपल्या मुलखाने या अनुभवाची म्हणावी तशी दखल घेतलेली नाही.

११/ २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने वाशीमसह १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. आशाताईंनी घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे विचारायची, गरजूंना समुपदेशनाकडे न्यायचे, १०४ या क्रमांकावर फोनवरून सल्ला द्यायचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले आणि तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकली. वसुलीच्या तगाद्याबद्दल विचारणाऱ्या शासनाचीच माणसे आता त्याच उंबऱ्यावर झोप लागते का, भूक लागते का, हेही विचारतात. फरक एवढाच की हा प्रश्न माणूस जिवंत असताना विचारला जातो.