यदृच्छ संख्या आणि गणकयंत्र : ‘रँडू’ सूत्राचा दोष व त्याचा शोध

गणकयंत्र दिलेल्या आज्ञेबाहेर एक पाऊलही टाकीत नाही. त्याच्याकडूनच केवळ योगायोगाने पडल्यासारख्या, म्हणजे यदृच्छ, संख्यांची अपेक्षा करणे हे सकृद्दर्शनी विसंगत होय. तथापि उलाम, फॉन नॉयमन व मेट्रोपोलिस यांनी लॉस अलामॉस येथे विकसित केलेली मॉन्टे कार्लो पद्धती याच अपेक्षेवर उभी आहे. न्यूट्रॉनाचा प्रवास यदृच्छ संख्यांच्या साहाय्याने यंत्रात घडवून आणावयाचा, असे तिचे स्वरूप. संख्याच सदोष असतील तर उत्तर चुकू शकते, आणि ते चुकल्याची कोणतीही खूण यंत्र देत नाही.

रँड कॉर्पोरेशनने १९५५ मध्ये दहा लक्ष यदृच्छ अंकांचे कोष्टक प्रसिद्ध केले. परंतु तत्कालीन यंत्रांच्या तुटपुंज्या स्मृतीत असे कोष्टक साठविणे अव्यवहार्य होते. म्हणून संख्या सूत्राने निर्माण करण्याचा मार्ग पत्करावा लागला. संख्येचा वर्ग करून त्यातील मधले अंक पुढील संख्या म्हणून घ्यावेत, ही फॉन नॉयमनची रीत. ३७९२ चा वर्ग १४३७९२६४. त्यातील मधले चार अंक पुन्हा ३७९२ च. ही संख्या एकदा आली की माला तेथेच खुंटते. डी. एच. लेमर यांनी एनिअ‍ॅक यंत्रासाठी निराळी रीत सुचविली : संख्येस २३ ने गुणावे, गुणाकारास १०,००,००,००१ ने भागावे व बाकी घ्यावी. या रीतीने ५८,८२,३५२ संख्यांपर्यंत पुनरावृत्ती होत नाही.

१९६० नंतरच्या दशकात आयबीएमच्या ‘सिस्टिम/३६०’ यंत्रांबरोबर मिळणाऱ्या शास्त्रीय उपक्रमसंग्रहातील ‘रँडू’ हे सूत्र याच कुळातील होय. त्यात गुणक ६५,५३९ व भाजक दोनाचा एकतिसावा घात होता. ही निवड गणिताच्या नव्हे, यंत्राच्या सोयीची होती. गुणक दोनाच्या सोळाव्या घातापेक्षा केवळ ३ ने अधिक. आणि ३२ द्विमान अंकांच्या शब्दात न मावणारा भाग आपोआप गळून पडत असल्याने भागाकाराची गरजच उरत नसे. संख्या झटपट मिळत, आणि एकेक संख्या स्वतंत्रपणे तपासली असता निर्दोष भासे.

दोष होता तो संख्यांच्या परस्परसंबंधात. या गुणकाचा वर्ग विस्तारून पाहिला असता असे आढळते, की कोणतीही तिसरी संख्या म्हणजे दुसरीच्या सहापटीतून पहिलीची नऊपट वजा करून उरणारी बाकी होय. १ पासून आरंभ केल्यास ६५,५३९ नंतर ३,९३,२२५ ही संख्या येते. ६५,५३९ ची सहापट करून ९ वजा केले तरी तीच मिळते. म्हणून लागोपाठच्या तीन संख्या अवकाशातील बिंदूचे निर्देशक मानल्यास सर्व बिंदू अवघ्या १५ समांतर प्रतलांवर पडतात. एकेक शब्द शुद्ध असूनही वाक्याचा अन्वय बिघडावा, तसाच हा प्रकार. जॉर्ज मार्साग्लिया यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले, की प्रतलांवर पडणे हा या संपूर्ण कुळाचाच धर्म आहे. परंतु याच भाजकास प्रतलांची कमाल मर्यादा २,३४४ असताना ‘रँडू’स लाभली ती केवळ १५. क्नूथ यांनीही १९६९ च्या आपल्या ग्रंथखंडात या सूत्रावर कठोर टीका केली.

१९६९ मध्येच ल्यूइस, गुडमन व मिलर यांनी १६,८०७ हा गुणक व २,१४,७४,८३,६४७ हा अविभाज्य भाजक पुढे आणला. तेथे अडचण निराळी होती : गुणाकार यंत्रशब्दात मावेना, आणि सूत्र चांगले असूनही चुकीची माला निघे. गुणाकाराची फोड करून ही अडचण टाळण्याची रीत श्राग यांनी १९७९ मध्ये दिली. पुढे १९८८ मध्ये पार्क व मिलर यांनी साधी कसोटी सांगितली : १ पासून आरंभ करून सूत्र १०,००० वेळा चालविल्यावर १,०४,३६,१८,०६५ हीच संख्या आली पाहिजे.

ही कसोटी आज्ञावली सूत्राशी प्रामाणिक आहे एवढेच सांगते. सूत्र कार्यास योग्य आहे, असे सांगत नाही. हा भेद १९९२ मध्ये फेरेनबर्ग, लँडाऊ व वाँग यांच्या संशोधनाने ठसठशीत झाला. ज्याचे अचूक उत्तर आधीच ज्ञात होते, असा आयसिंग प्रतिमानाचा प्रश्न त्यांनी सोडविला, तेव्हा नावाजलेल्या सूत्रांनीही चुकीची उत्तरे दिली. तात्पर्य, यदृच्छतेची परीक्षा सुट्या संख्यांवर पुरी होत नाही. ज्ञात उत्तराशी पडताळा घेणे आणि भिन्न कुळांतील दोन सूत्रांची फलिते ताडून पाहणे, याखेरीज संशोधकास गत्यंतर नाही.